मागचे दोन पंख

आडिवरेकर मास्तरांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम काहीतरी जिवंत असायचं. सुईने भोकं पाडलेली काडेपेटी असायची आणि तिच्यात कधी भुंगेरा, कधी नाकतोडा, कधी नुसती एखादी अळी. शिक्षकांच्या खोलीत ते माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसत. त्यामुळे मी वह्या तपासत असताना डाव्या कानाशी दिवसभर खुसफुस चालू. पहिल्याच आठवड्यात मी हेडमास्तरांकडे जागा बदलून मागितली. ते म्हणाले, "दुसरी रिकामी खुर्ची शास्त्रीबुवांशेजारी आहे. ते तपकीर ओढतात. बघा काय परवडतं ते." मी काडेपेटी पत्करली.

ही रत्नागिरीतली, तिसाच्या सालानंतरची गोष्ट. मी नुकता बी.ए. होऊन शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो होतो आणि त्या दोन अक्षरांची धुंदी अजून उतरली नव्हती. मास्तर ड्रॉइंगचे. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, पण मला 'अहो बीए' म्हणून हाक मारायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला कधीच कळलं नाही. ते मांडवीचे. वडील होड्या रंगवायचे. नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावर होड्यांची रांग लागायची आणि मास्तर पोरवयात बापाच्या हाताखाली होडीच्या तोंडाशी वेलबुट्टी काढायचे. तिथून ड्रॉइंगच्या परीक्षा देत देत शाळेपर्यंत आले. इंग्रजी त्यांना सहीपुरतं येई.

अंगाने काडी, उंची मात्र ताडमाड. कोटाच्या बाह्यांवर सगळे रंग. रस्त्याने कधी मधून चालायचे नाहीत, गडग्याच्या कडेकडेने, मान वाकडी करून दगडांच्या फटींत बघत. समोरून माणूस आला तर दिसायचा नाही, पण गडग्यावरचा सरडा दिसायचा. आमच्या हेडमास्तरांच्या सौभाग्यवतींना ते एकदा नमस्कार न करता ओलांडून गेले होते, आणि ते प्रकरण सहा महिने पुरलं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणी काही सांगितलं की ते मान वर न करता विचारायचे, "बघितलंत की ऐकलंत?" शास्त्रीबुवा म्हणाले, नाग दूध पितो. "बघितलंत की ऐकलंत?" गणिताचे मास्तर म्हणाले, राजिवड्याला म्हणे हाताएवढं कोळंब सापडलं. "बघितलंत की ऐकलंत?" माणूस चिडायचाच. चिडला की मास्तर म्हणायचे, "नाय, ऐकलेलं वाईट असतं असं नाय. फक्त कुठलं ते सांगून ठेवावं माणसाने."

एकदा त्यांनी आम्हां सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा दिला आणि म्हणाले, "तगरीचं फूल काढा. एकेरी तगर. रोज देवाला वाहता, कठीण काय त्यात?" मी चार पाकळ्या काढल्या. शास्त्रीबुवांनी, ज्यांच्या दारात तगरीची दोन झाडं, त्यांनी सहा काढल्या. एकानेही पाच काढल्या नाहीत. मास्तरांनी कागद गोळा केले, घडी करून खिशात टाकले. मला राग आला होता. ड्रॉइंग मास्तराने बी.ए. माणसाची परीक्षा घ्यावी म्हणजे काय, असं मी घरी येऊन बायकोला म्हटलंही. ती म्हणाली, "अहो, पण पाचच असतात." मग तिचाही राग आला.

ते प्राणी मारत नसत. पकडायचं, भिंगाखाली बघायचं, चित्र काढायचं आणि जिथून आणलं तिथे नेऊन सोडायचं. एखादा पोरगा टाचणीला फुलपाखरू टोचून आणायचा, मास्तर त्याला म्हणायचे, "हे मेलं. आता हे उडतं कसं, बसतं कसं, कोण सांगणार तुला?" या त्यांच्या हट्टापायीच पुढचं सगळं घडलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं.

भाद्रपदात आमच्याकडे सड्यावर फुलं येतात. एरवी नुसता काळा कातळ, पण त्या महिन्याभरात पाय ठेवायला जागा नसते. एका रविवारी मास्तर मला तिकडे घेऊन गेले. तेरड्याच्या एका झुडपापाशी थांबले आणि बोटाने दाखवलं. मला दिसलं ते एवढंच, की बोटाच्या पेराएवढं मोठं पिवळं-तांबूस गांधील हवेत एका जागी गुणगुणत उभं आहे. मी दहा पावलं मागे. लहानपणी गांधिलाने माझ्या डोळ्याच्या वर डंख केला होता, दोन दिवस डोळा उघडत नव्हता.

मास्तरांनी हात घातला आणि ते मुठीत धरलं.

"बघा, बघा," ते म्हणाले, "शेपूट वाकवून तळव्यात टोचतंय. डंख मारल्याचं सोंग नुसतं. काटाच नाय. हे गांधील नव्हे, बीए, ही माशी आहे. आपल्या घरातल्या माशीची मोठी बहीण. गांधिलाला पंख चार, हिला दोन. गांधिलाला लांब मिशा, हिला बघायला भिंग लागेल एवढ्याशा. डोळे बघा, सगळं डोकं म्हणजे डोळेच."

त्यांनी तिचं नाव संकासूर ठेवलं होतं. शिमग्यात आमच्याकडे खेळे येतात, त्यांच्यातला काळ्या कपड्यांचा, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा तो संकासूर. पोरं किंचाळत घरात पळतात आणि आत असतो आपल्याच वाडीतला एखादा गण्या. "तसंच हे," मास्तर म्हणाले. "पाखरांनी खाऊ नये म्हणून गांधिलाचे कपडे घातलेत. या, जवळ या. भिवू नका. पंख मोजा."

मी गेलो नाही. लांबूनच मान हलवली आणि म्हटलं, "हो हो, दिसले. दोनच आहेत."

मला काही दिसलं नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मूठ उघडली आणि माशी गेली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली. फळ्यावर दोन्ही चित्रं काढली, आणि बजावलं, "आधी पंख मोजा, मग हात लावा. मोजता आले नाहीत तर लांब राहा." पोरंच ती. एका वकिलांचा मुलगा होता, त्याने संकासूर समजून खरंखुरं गांधील धरलं. हात कोपरापर्यंत सुजला, ताप भरला, चार दिवस शाळेत नाही. वकीलसाहेब छत्री आपटत शाळेत आले. "तुमचा मास्तर मुलांना गांधिलांशी खेळायला शिकवतो," हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं, की ते तीन वर्गांना ऐकू गेलं.

हेडमास्तर तसे वाईट नव्हते. पण त्यांच्या कपाटात एक इंग्रजी निसर्गपुस्तक होतं आणि त्यात नसलेल्या गोष्टी जगात आहेत यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी पुस्तक काढलं. गांधिलाचं चित्र होतं, चार पंखांचं. गांधिलासारख्या माशीचं चित्र नव्हतं. मास्तर पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "मी बघितली आहे साहेब. हातात घेतली आहे." शेवटी हेडमास्तर म्हणाले, "मुंबईत या विषयातले जाणकार लोक आहेत. त्यांना लिहा. ते म्हणाले अशी माशी असते, तर मी वकिलांना सांगेन की मुलाचीच चूक. नाही म्हणाले, तर सगळ्या शाळेपुढे माफी मागायची, आणि पुढच्या जूनपासून आम्ही दुसरा ड्रॉइंग मास्तर बघू."

माशी मारून पेटीतून पाठवली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. मी तसं म्हटलंही. मास्तर म्हणाले, "तिने सोंग घेतलं ते जीव वाचवायला, आणि ते खरं ठरवायला मीच तिला मारू? चित्र पाठवतो. चित्रात मी खोटं काढत नाय."

त्यांनी ते चित्र घरी बसून काढलं. कंदिलाच्या काचेखाली माशी, तिच्यासाठी कापसाच्या बोळ्यावर गुळाचं पाणी. रोज नवी माशी आणायची आणि संध्याकाळी सोडायची. खारीच्या केसांचा कुंचला होता त्यांचा, दोन-चार केसांचाच. आठ-दहा दिवसांनी गुंडाळी करून माझ्याकडे आले. "बीए, पत्र तुम्ही लिहा. इंग्रजीत. जास्त काय नको. ही माशी आहे, पंख दोन, डंख नाही, रत्नागिरीच्या सड्यावर मिळते, एवढंच. खाली तुमची सही करा, बी.ए. घालून. माझ्या सहीला कोण विचारतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते चित्र घरी ओटीवर पसरलं. बायको पाणी घेऊन आली आणि "अगो बाई, गांधील" म्हणून मागे सरकली. इतकं ते हुबेहूब होतं. पोटावरचे पट्टे, पायांवरची लव, सगळं. आणि पंख दोन.

मी बराच वेळ त्या दोन पंखांकडे बघत बसलो. मला वाटलं, माणूस भला आहे, पण चकला आहे. गांधिलाचे मागचे पंख पुढच्यांखाली झाकले जातात, याला दिसले नसतील. मुंबईची शिकलेली माणसं हे बघतील आणि हसतील. आणि खाली कोणाची सही? माझी. बी.ए. घालून.

त्याच्या भल्यासाठी केलं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. नोकरी वाचेल बिचाऱ्याची, 'बिनकाट्याचं गांधील' म्हणून तरी कोणी ऐकून घेईल. आज एवढंच सांगतो की त्या दुपारी माझ्या डोळ्यांपुढे मास्तरांचं तोंड नव्हतं, माझं नाव होतं. मी हेडमास्तरांचं पुस्तक मागून आणलं, शाईत पाणी घातलं आणि लेखणीने त्या चित्रात मागचे दोन पंख काढले. पत्रात 'माशी' लिहायचं तिथे 'गांधिलाची बिनडंखाची जात' असं लिहिलं. सही केली. पोस्टात टाकून आलो. आणि लाज सांगायची तर, त्या संध्याकाळी मी मोठे उपकार केल्यासारखा दोन घास जास्त जेवलो.

महिन्याने उत्तर आलं. हेडमास्तरांनी आम्हां दोघांना खोलीत बोलावलं. त्यांनी पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या, "संपलं," म्हणाले, आणि पत्र माझ्या हातात दिलं. "सांगा यांना मराठीत."

मी वाचलं. पहिल्या दोन ओळींत लिहिलं होतं की हे नेहमीचंच गांधील दिसतं, त्याला डंख असतोच, मुलांना जपावं. पण पत्र तिथे संपत नव्हतं. पुढे होतं की चित्र फारच सुंदर आहे, मात्र पुढचे पंख प्रत्यक्ष पाहून काढलेले दिसतात आणि मागचे न पाहता. ते मागचे पंख नसते तर ही गांधिलाचं रूप घेणारी एक मोठी माशी आहे असं आम्ही म्हटलं असतं. चित्रकाराने पुन्हा एकदा खात्री करून कळवावं.

मी तोंड उघडलं आणि पहिल्या दोन ओळी मराठीत सांगितल्या. मग पत्राची घडी घातली.

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

पत्राबरोबर चित्र परत आलं होतं. हेडमास्तरांनी ते मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर खिडकीपाशी गेले, चित्र उजेडात धरलं. ज्याने प्रत्येक केस मोजून काढला होता, त्याला ते कळायला कितीसा वेळ लागणार? मागच्या पंखांवरून त्यांनी अंगठा फिरवला. शाईचा डाग अंगठ्याला लागतो का ते बघितल्यासारखा. मग माझ्याकडे बघितलं. मी हेडमास्तरांच्या टेबलावरच्या दौतीकडे बघत होतो.

त्या खोलीत त्या घटकेला मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं निस्तरलं असतं. मी मूग गिळून बसलो. मला वाटलं, आता मास्तर बोलतील, आता बोट दाखवतील. त्यांनी चित्र गुंडाळलं आणि म्हणाले, "बरं. कधी मागायची माफी?"

सोमवारी प्रार्थनेनंतर ते ओट्यावर उभे राहिले. कोट धुतलेला होता. समोर सगळी शाळा, वकीलसाहेबही आले होते. मास्तर म्हणाले, "मी मुलांना जे सांगितलं ते बघून सांगितलं होतं. पण कागदावर चूक झाली. तिच्याबद्दल मी माफी मागतो." वकीलसाहेबांचं समाधान झालं. हेडमास्तरांचंही झालं. मी शिक्षकांच्या रांगेत शेवटी उभा होतो, आणि त्या तीन वाक्यांत एकही खोटं नाही हे शाळेत फक्त मला कळत होतं.

त्यानंतर खिशातली काडेपेटी गेली. खुर्ची तीच, शेजार तोच, पण खुसफुस नाही. कोणी काही सांगितलं तर मास्तर "हो का" म्हणायचे. शास्त्रीबुवांनी एक दिवस मुद्दाम नागाच्या दुधाचा विषय काढला, मास्तरांनी मान डोलवली. शास्त्रीबुवांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते तपकिरीची डबी हातात तशीच धरून बसून राहिले. मी मास्तरांशी एकटा राहणार नाही याची काळजी घेत होतो. घंटा व्हायच्या आधीच खडू उचलून वर्गावर जायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात दिवसाढवळ्या पडलेलं असे.

पौषात आमच्या परसातल्या आंब्याला मोहोर आला. खालच्या फांदीचा मोहोर हाताशी येईल एवढा होता आणि त्याच्यावर माश्यांचा नुसता गलका. मी सुट्टीच्या दिवशी तिथे उभा होतो. त्या माश्यांत एक मोठं, पिवळं-तांबूस गांधील येऊन बसलं. पाय मागे निघालाच होता, तो थांबवला. कसा थांबवला माहीत नाही. दोन बोटं पुढे केली आणि ते पकडलं.

शेपूट वाकवून तिने माझ्या बोटाला टोचलं. नुसतं टोकरलं, काही झालं नाही. मी ती डोळ्यांजवळ धरली. सगळं डोकं म्हणजे डोळेच. मिशा जवळजवळ नाहीतच. पंख मोजले. पुन्हा मोजले. मग सोडून दिली आणि न्हाणीच्या दगडावर जाऊन बसलो. बायकोने विचारलं, काय झालं, चावलं का काही? मी नाही म्हणालो. तिला सांगता आलं नाही.

त्याच दिवशी मास्तरांकडे जायला हवं होतं, आणि मास्तरांच्या आधी हेडमास्तरांकडे. गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. मग परीक्षा झाल्यावर. मग शिमगा झाल्यावर. माणूस किती दिवस उद्या म्हणू शकतो याला काही मोजमाप नाही. हेडमास्तर पुढे सात-आठ वर्षं त्याच खोलीत बसत होते. मी रोज त्या दारावरून जायचो. त्यांनाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

वैशाखात कळलं की मास्तर मुंबईला निघाले. गिरगावात त्यांच्या मेव्हण्याचं दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम होतं, तिथे मदतीला आणखी एक हात हवा होता. आगबोट दुपारची होती. मी मांडवीच्या बंदरावर गेलो. आगबोट लांब पाण्यात उभी आणि उतारूंना तिच्यापर्यंत नेणारे पडाव धक्क्याला लागलेले, गर्दी, ट्रंका, नारळाची पोती. मास्तर एका पडावाच्या पायरीशी उभे होते. एक ट्रंक, एक वळकटी, काखेत ती गुंडाळी. मी घामाघूम होऊन त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मास्तर, मला तुम्हाला..."

"मोहोरावर दिसली की नाय?" त्यांनी विचारलं.

"दिसली," म्हणालो.

"धरलीत?"

"धरली."

"किती होते?"

"दोन."

ते हसले. बऱ्याच महिन्यांनी हसताना दिसले. "मग झालं तर," म्हणाले. "बघितलंत ना? पुरे."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात खलाशाने "चला, बसा, बसा" म्हणून हाकारा केला आणि मास्तर ट्रंक उचलून पडावात उतरले. माझी माफी तोंडातच राहिली. पडाव धक्क्यापासून हातभर सुटला तेव्हा ते मागे वळले आणि नेहमीच्या, वर्गात चित्र तपासायच्या आवाजात म्हणाले, "बीए, मागचे दोन पंख बरे जमले होते हो तुम्हाला. हात वाईट नाय. पुढच्या वेळी फक्त बघून काढा."

शेजारच्या माणसांना वाटलं, गुरू-शिष्य असतील. एक बाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसलीसुद्धा. मी तिथे मान खाली घालून उभा राहिलो.

मान वर केली तेव्हा पडाव निम्म्यावर गेला होता. मास्तर शेवटच्या फळीवर बसलेले, पाठ माझ्याकडे. त्यांनी कोटाच्या उजव्या खिशात हात घातला आणि काहीतरी लहानसं बाहेर काढलं. काडेपेटीच असावी. ती त्यांनी दोन्ही हातांत धरून उघडली आणि हात पाण्यावर पसरला.

तिच्यातून माशी उडाली आणि किनाऱ्याकडे आली, असं मी नंतर एक-दोघांना सांगितलं आहे. ते खरं नव्हे. अंतर फार होतं. मला काही दिसलं नाही.